शर्त, शर्यत, शर्थ

शर्त, शर्यत आणि शर्थ हे तीन शब्द आज मराठीत तीन वेगळ्या कामांना लागलेले आहेत. शर्त म्हणजे अट. शर्यत म्हणजे चढाओढीची धाव. शर्थ म्हणजे बळाची पराकाष्ठा. ‘बिनशर्त पाठिंबा’, ‘बैलगाडा शर्यत’, ‘शर्थीचे प्रयत्न’ असे आपण एका दमात बोलून जातो आणि तिन्हींत नाते असेल असे मनातही येत नाही. मूळ मात्र एकच आहे, अरबीतला ‘शर्त’. फारसीच्या वाटेने तो दख्खनच्या दरबारी कागदांत आला, तिथून बाजारात उतरला आणि अखेर मैदानात गेला. अट ठरवून पैज लावायची, म्हणून पैज ती शर्त. पैजेसाठी धावायचे, म्हणून धाव ती शर्यत. हरायचे नाही म्हणून अंगातले असेल नसेल ते सगळे पणाला लावायचे, ती शर्थ. त्यांचा शेजारी ‘पैज’ हा शब्द संस्कृत ‘प्रतिज्ञे’तून झिजत झिजत आला. म्हणजे आपल्याकडे धावण्याच्या खेळाचे शब्द पायांपासून निघाले नाहीत, दिलेल्या शब्दापासून निघाले.

इंग्रजी ‘रेस’चे तसे नाही. तो उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतून आला. तिथे त्याचा अर्थ नुसता धाव, पाण्याचा वेगवान लोंढा. त्यात अट नाही, करार नाही.

अट, धाव आणि पराकाष्ठा या तिन्ही गोष्टी एकत्र कुठे पाहाव्यात असे मला कोणी विचारले, तर मी बैलगाड्यांच्या धावपट्टीइतक्याच ओढीने अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटाकडे बोट दाखवीन. रेनो शहराजवळच्या स्टेड फील्डवर दर सप्टेंबरमध्ये दुसऱ्या महायुद्धातली लढाऊ विमाने जमिनीपासून जेमतेम पन्नास फुटांवरून, ताशी सातशे-आठशे किलोमीटरच्या वेगाने, खांबांना वळसे घालीत एकमेकांशी झुंजत असत. बंदुका काढलेल्या, पंख छाटलेले, काचेचे छत खुजे केलेले, इंजिन मूळच्या दुप्पट ताकदीपर्यंत चढवलेले. आज तीच विमाने हौशी कारागीर घरच्या संगणकावर पुन्हा उभी करतात आणि तुमच्या-आमच्यासारखे लोक जॉयस्टिक धरून ती उडवतात. या साऱ्या प्रवासातले शब्द उलगडत गेलो, की विमानांचा इतिहासच हाती येतो.

पहिला शब्द ‘अनलिमिटेड’. रेनोतल्या सर्वांत वेगवान गटाचे हे नाव. मराठीत त्याला ‘खुला गट’ म्हणावे. कुस्तीमुळे तो शब्द सर्वांच्या ओळखीचा आहे आणि अर्थही नेमका बसतो. पण मला मोह होतो ‘बिनशर्त’ म्हणण्याचा, कारण मग ‘बिनशर्त शर्यत’ असा जोड तयार होतो आणि व्युत्पत्तीच्या दृष्टीने तो स्वतःलाच खोडून काढतो. ज्यात शर्त नाही ती शर्यत कशी? गंमत अशी की वस्तुस्थितीही तेच सांगते. अनलिमिटेड गटातही अटी होत्याच. इंजिन पिस्टनचे हवे. ओढ पंख्याची हवी, जेटची नको. सांगाड्याने गुरुत्वाकर्षणाच्या सहापट ताण सोसला पाहिजे. 2005 मध्ये आणखी एक अट आली, रिकाम्या विमानाचे वजन किमान 4,500 पौंड, म्हणजे दोन हजार किलोंच्या वर. एवढे पाळले, की पुढे काय वाटेल ते करा. या मोजक्या अटींनीच जुन्या लढाऊ विमानांना तिथे राज्य करू दिले. जेट आत आले असते तर मस्टँगसारखे जुने लढाऊ विमान पहिल्याच फेरीत मागे पडले असते. पिस्टनच्या जगात 1940 च्या दशकातल्या लढाऊ विमानांइतकी दणकट आणि ताकदवान यंत्रे पुढे फारशी कोणी बांधलीच नाहीत, कारण लढाईच जेटकडे गेली.

हा खेळ रेनोला सुरू झाला 1964 मध्ये. बिल स्टेड हा तिथला पशुपालक, पाण्यावरून सुसाट धावणाऱ्या हायड्रोप्लेन बोटींच्या शर्यतींतला विजेता. त्याने स्काय रँच नावाच्या जागी धुळीच्या धावपट्टीवर पहिली स्पर्धा भरवली. दोन वर्षांनी ती जवळच्या माजी हवाई तळावर गेली. त्या तळाला ‘स्टेड’ हे नाव आधीपासूनच होते आणि ते बिलचे नव्हते, त्याच्या भावाचे, क्रॉस्टनचे. क्रॉस्टन स्टेड 1949 मध्ये मस्टँग उडवताना अपघातात गेला होता. शर्यत त्या तळावर आली त्याच वर्षी, 1966 मध्ये, बिलही फ्लोरिडात छोट्या शर्यती विमानाच्या अपघातात गेला. दोन भावांचे एकच आडनाव त्या मैदानावर राहिले.

पण लढाऊ विमानांची शर्यत रेनोहून जुनी आहे. युद्ध संपले तेव्हा अमेरिकेत हजारो विमाने एका दिवसात बिनकामाची झाली. ॲरिझोनातल्या किंगमनसारख्या ठिकाणी ती रांगेने उभी होती. बहुतेक वितळवून ॲल्युमिनियम झाली. सिनेमात विमाने उडवणारा पॉल मँट्झ याने ओक्लाहोमातल्या एका मैदानावरची 475 विमाने 55,000 डॉलरला एकगठ्ठा घेतली, बहुतेक भंगारात विकली आणि शर्यतीसाठी मस्टँग ठेवले. त्याने पंखांच्या आतली सगळी पोकळी इंधनाने भरता येईल अशी केली आणि 1946, 47 व 48 अशी सलग तीन वर्षे कॅलिफोर्नियापासून क्लीव्हलंडपर्यंतच्या शर्यतीची बेंडिक्स ट्रॉफी जिंकली.

या विमानाच्या नावातच त्याचे भविष्य लिहिले होते, असे मला नेहमी वाटते. ‘मस्टँग’ म्हणजे अमेरिकेतला रानटी घोडा, एवढे सर्वांना ठाऊक असते. शब्द आला स्पॅनिश ‘मेस्तेन्यो’वरून, आणि त्याचा मूळ अर्थ घोडा नाहीच. मध्ययुगीन स्पेनमध्ये पशुपालकांची ‘मेस्ता’ नावाची मोठी संघटना होती. कळपांत मिसळलेली, मालक न सापडलेली जनावरे मेस्ताच्या ताब्यात जायची. असे बेवारशी जनावर ते मेस्तेन्यो. आपल्या भाषेत ‘मोकाट’. 1940 मध्ये ब्रिटिशांनी नॉर्थ अमेरिकन कंपनीकडे हे विमान मागवले आणि हे नाव त्यांनीच दिले. पाच-सहा वर्षांत ती विमाने खरोखरच बेवारशी जनावरांसारखी माळावर उभी राहिली. मेस्ताच्या कायद्यात सापडलेल्या जनावराला नवा धनी मिळत असे. यांना मिळाले ते शर्यतवाले.

बाकीची नावेही ऐकण्याजोगी आहेत. ग्रमन कंपनीने आपल्या आरमारी लढाऊ विमानांना मांजरकुळातली नावे दिली: वाइल्डकॅट, हेलकॅट, टायगरकॅट, बेअरकॅट. यातल्या शेवटच्यावरून रेनोच्या सर्वांत नावाजलेल्या विमानांपैकी एकाचे नाव पडले, ‘रेअर बेअर’. ‘कोर्सेअर’ म्हणजे चाचा, समुद्री लुटारू, असे कोशात मिळते. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘कुर्सुस’ आहे, म्हणजे धाव. धावून जाऊन लूट करणारा तो कोर्सेअर. ज्या आखलेल्या मार्गावर शर्यत होते त्याला इंग्रजीत ‘कोर्स’ म्हणतात, तो याच घरातला. म्हणजे कोर्सेअर विमान कोर्सवर आले तेव्हा शब्द माहेरी आला. 1947 आणि 1949 ची थॉम्पसन ट्रॉफी ही शर्यत कुक क्लेलँड या वैमानिकाने कोर्सेअरच्याच एका मोठ्या इंजिनाच्या उपप्रकारावर जिंकली.

‘स्ट्रेगा’ हे रेनोत अनेक वेळा जिंकलेले मस्टँग. इटालियनमध्ये स्ट्रेगा म्हणजे चेटकीण, आणि तो शब्द लॅटिनमधल्या रात्री ओरडणाऱ्या, रक्त पिणाऱ्या अशुभ पक्ष्याच्या नावापर्यंत मागे जातो. दुसरे गाजलेले मस्टँग ‘व्हूडू’. हा शब्द पश्चिम आफ्रिकेतल्या फॉन आणि एवे भाषांतला, अर्थ देवता किंवा आत्मा, आणि तो अटलांटिक ओलांडून गेला गुलामांबरोबर. चेटकीण आणि दैवत यांच्या पोटात बसलेल्या इंजिनाचे नाव ‘मर्लिन’. इथे बहुतेक जण दंतकथेतल्या जादूगाराकडे वळतात. ते खरे नाही. रोल्स-रॉइस आपल्या पिस्टन इंजिनांना शिकारी पक्ष्यांची नावे देत असे: केस्ट्रेल, पेरेग्रिन, व्हल्चर. मर्लिन हा त्यांतलाच लहान चणीचा, अतिशय चपळ ससाणा. त्याहून मोठे इंजिन ‘ग्रिफन’, म्हणजे गिधाडाची एक जात. 1979 मध्ये स्टीव्ह हिंटनने याच ग्रिफनवर चालणाऱ्या, परस्परविरुद्ध फिरणारे दोन पंखे बसवलेल्या ‘रेड बॅरन’ मस्टँगवर ताशी 803 किलोमीटरचा विक्रम केला.

आता ‘पायलन’. शर्यतीचा मार्ग दाखवणारे खांब म्हणजे पायलन. रेनोत ते टेलिफोनच्या खांबांसारखे उंच असत, माथ्यावर पत्र्याची पिंपे. वैमानिकाने प्रत्येक पायलनच्या बाहेरून जायचे. आतून गेला तर वेळेचा दंड. खाली पंच मान वर करून उभे. शब्द ग्रीक आहे आणि अर्थ आहे दरवाजा. ग्रीक ‘पिली’ म्हणजे दार, ‘पिलॉन’ म्हणजे मोठे प्रवेशद्वार. एकोणिसाव्या शतकातल्या इजिप्तच्या अभ्यासकांनी कर्नाक आणि एडफूच्या देवळांपुढच्या त्या दोन प्रचंड उतरत्या भिंतींना हा शब्द लावला. पुढे 1909 मध्ये फ्रान्समधल्या रँस गावी विमानांचा पहिला मोठा मेळा भरला, तिथे हवेतला मार्ग दाखवायला उंच मनोरे उभारले आणि त्यांना ‘पायलन’ म्हटले गेले. ग्लेन कर्टिसने तिथे गॉर्डन बेनेट चषक जिंकला तो या पायलनांना वळसे घालून. विजेच्या तारांच्या मनोऱ्यांना हा शब्द लागला तो त्यानंतर. आणि विमानाच्या पंखाखाली बॉम्ब किंवा जादा इंधनाची टाकी टांगण्याचा जो आधार असतो, त्यालाही पायलनच म्हणतात. शर्यतीसाठी विमान तयार करताना पंखाखालचे असले आधार काढून फेकायचे आणि मग जमिनीवरच्या पायलनभोवती फिरायचे, असा हा एकाच शब्दाचा खेळ.

देवळाचा दरवाजा वाचला की मला गोपुर आठवते, आणि गोपुर आठवले की ‘विमान’. संस्कृत ‘वि’ अधिक ‘मा’ धातू. ‘मा’ म्हणजे मोजणे. मान, प्रमाण, परिमाण, मात्रा ही सगळी त्याचीच भावंडे. वेदांत हा शब्द अंतराळ मोजण्याच्या, ओलांडण्याच्या अर्थाने येतो. मग देवांचा रथ झाला, कुबेराचे पुष्पक झाले, सातमजली प्रासाद झाला. आणि दक्षिणेच्या मंदिरशास्त्रात गाभाऱ्यावर जो उंच चढत जातो त्याचे नाव पडले विमान. तंजावरच्या बृहदीश्वराचे विमान साठ मीटरांहून उंच आहे. त्याच देवळाच्या भिंतीवर तंजावरच्या भोसल्यांनी आपल्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरून ठेवला आहे, म्हणून मराठी माणसाने ते एकदा पाहावेच. मोठ्या दाक्षिणात्य देवळात फिरणारा गोपुरातून शिरतो आणि विमानापाशी पोहोचतो. रेनोत विमान स्वतःच पायलनांना प्रदक्षिणा घालीत असे. ग्रीकमधून आलेला तो दरवाजा आणि संस्कृतमधून आलेले हे मोजमाप, दोघेही देवळातून निघाले आणि वाळवंटात भेटले. आणि मोजणे हा अर्थ तर इथे शब्दशः खरा ठरतो, कारण शर्यतीचे विमान हे मार्ग मोजण्यासाठीच उडते. सुमारे तेरा किलोमीटरची एक फेरी किती सेकंदांत, याखेरीज त्याच्या उडण्याला दुसरा हेतू नाही.

आता शीर्षकातला तिसरा शब्द, शर्थ. इथे थोडे थांबायला हवे, कारण खेळाचा जीव इथे आहे.

युद्धातल्या मस्टँगचे मर्लिन सुमारे दीड हजार अश्वशक्तीचे. आणीबाणीत वैमानिक ते मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळीत, 67 इंच पाऱ्याच्या दाबापर्यंत नेऊ शके, तेही मोजकी मिनिटे. शर्यतवाल्यांनी तोच दाब शंभर इंचांच्या पलीकडे नेला आणि तीन हजारांहून अधिक अश्वशक्ती काढली. एवढ्या दाबात इंधन वेळेआधीच भडकून पिस्टनला भोक पाडते, म्हणून आत पाणी आणि मेथॅनॉलची फवारणी. रेडिएटरवर पाण्याची पिचकारी. मर्लिनचे कनेक्टिंग रॉड हा ताण सोसत नाहीत, म्हणून ॲलिसन या दुसऱ्या कंपनीच्या इंजिनातले दणकट रॉड आणून बसवायचे. ‘रेअर बेअर’ची गोष्ट वेगळी: लाइल शेल्टनने 1969 मध्ये इंडियानात पडलेला बेअरकॅटचा मोडका सांगाडा उचलला आणि मूळच्या आर-2800 ऐवजी मोठे राइट आर-3350 इंजिन घातले. या नावांतला आर म्हणजे चक्राकार सिलिंडरांचे इंजिन आणि आकडा म्हणजे सिलिंडरांचे घन इंचांतले आकारमान, त्यामुळे नाव वाचले की बदल कळतो. त्या विमानाने 1989 मध्ये ताशी 850 किलोमीटर गाठले. 2017 मध्ये व्हूडूने 855 गाठले. पण जुना विक्रम मोडायला किमान एक टक्क्याचा फरक लागतो, म्हणून ती नोंद वजनगटातल्या विक्रमाची झाली. शर्थ केली, आणि वाटेत शर्त आडवी आली.

शर्थीला किंमत असते. रेनोत इंजिन फुटले की वैमानिक ‘मेडे’ म्हणे, काठी मागे ओढून वेगाचे उंचीत रूपांतर करी आणि बंद पडलेल्या पंख्यानिशी धावपट्टीकडे घसरत येई. ‘मेडे’चा मे महिन्याशी संबंध नाही. 1920 च्या दशकात लंडनच्या क्रॉयडन विमानतळावर फ्रेडरिक मॉकफर्ड या रेडिओ अधिकाऱ्याने तो सुचवला. तिथली बरीच वाहतूक पॅरिसकडची होती, म्हणून फ्रेंचमधल्या ‘मला मदत करा’ या अर्थाच्या ‘मेदे’वरून. सगळ्यांनाच ही हाक मारायला वेळ मिळाला नाही. 1949 मध्ये क्लीव्हलंडच्या शर्यतीत बिल ओडमचे ‘बिगीन’ हे मस्टँग एका घरावर कोसळले. तो गेलाच, घरातली आई आणि तिचे मूलही गेले. त्या विमानाच्या अंगावर कोल पोर्टरच्या गाण्याची स्वरलिपी रंगवलेली होती, आणि हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून रेडिएटर पोटाखालून काढून पंखांच्या टोकांवरच्या नळकांड्यांत नेले होते. क्लीव्हलंडच्या मोठ्या शर्यती त्यानंतर बंद पडल्या. 16 सप्टेंबर 2011 रोजी रेनोत ‘गॅलपिंग घोस्ट’ हे मस्टँग प्रेक्षकांच्या पुढ्यात आदळले, वैमानिकासह अकरा जण गेले. चौकशीत कारण निघाले ते शेपटीवरच्या छोट्या ट्रिम टॅबचे सैल स्क्रू आणि पुन्हा पुन्हा वापरलेले, झिजलेले लॉकनट. सप्टेंबर 2023 मध्ये स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी दोन प्रशिक्षण विमाने उतरण्याच्या बेतात एकमेकांवर आदळली, दोन्ही वैमानिक गेले, आणि रेनोतली ती शेवटची स्पर्धा तिथेच थांबवण्यात आली. पुढच्या स्पर्धांसाठी न्यू मेक्सिकोतले रॉसवेल निवडले गेले. ही नावे आणि तारखा मी मुद्दाम लिहितो आहे. शर्थ हा शब्द आपण परीक्षेच्या निकालापासून निवडणुकीपर्यंत सर्वत्र उधळतो. त्यात पणाला काय लागते हे विसरू नये.

हे सगळे घरच्या संगणकावर येते तेव्हा नवा शब्द येतो, ‘सिम्युलेटर’. घरात आपण ‘सिम’ म्हणतो. वर्तमानपत्रे त्याला ‘आभासी उड्डाण’ म्हणतात, आणि मला तो शब्द पसंत नाही. आभास म्हणजे नसलेल्याचे दिसणे, मृगजळ. लॅटिन ‘सिमिलिस’चा अर्थ मात्र ‘सारखा’ असा आहे, आणि तो संस्कृत ‘सम’चाच दूरचा भाऊ आहे. सिम्युलेटर खोटे दाखवत नाही, सारखे करून दाखवतो. आपला ‘सारखा’ हा शब्दही ‘सदृक्ष’वरून आला, म्हणजे पाहताना तसाच वाटणारा. सिमच्या कारागिराचे सगळे काम या एका शब्दात मावते.

हा सारखेपणा मस्टँगहूनही जुना आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनला एडविन लिंकच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गनला हवा पुरवणारे भाते वापरून एडविनने 1929 मध्ये एक लाकडी पेटी बनवली, जी वैमानिकाच्या हालचालीप्रमाणे झुके आणि वळे. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांचे वैमानिक मोठ्या संख्येने या लिंक ट्रेनरमध्ये शिकले. मस्टँगमध्ये चढण्याआधी त्यांचे हात भात्यांवर चालणाऱ्या पेटीत तयार झाले होते. घरचा सिम आला 1979 मध्ये, ब्रूस आर्टविकच्या हातून, ॲपल टू संगणकावर. 1982 पासून तो मायक्रोसॉफ्टच्या नावाने निघू लागला. 2021 च्या नोव्हेंबरमध्ये त्याच मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये रेनोची शर्यत आली, स्टेड फील्ड आणि पायलनांसकट.

पण मला जास्त आदर वाटतो तो त्याआधीच्या सिमसाठी घरी बसून विमान घडवणाऱ्यांचा. साधे मस्टँग घ्यायचे, जुन्या छायाचित्रांवरून छत खाली आणायचे, पंखांची टोके कापायची. बाहेरचे रूप झाले की खरी मेहनत सुरू होते. विमानाच्या मजकुराच्या फायलीत पंखाचे क्षेत्रफळ, लांबी, सिलिंडरांची संख्या, दाबाचे गुणोत्तर, इंजिनाच्या ताकदीचा गुणक असे आकडे ओळीने लिहिलेले असतात. एक ओळ असते ‘पॅरासाइट ड्रॅग’ची. ग्रीक ‘पॅरासितोस’ म्हणजे दुसऱ्याच्या ताटाशेजारी बसून जेवणारा. विमानाला उचलण्याच्या कामी न येता नुसता हवेला अडवणारा जो अडथळा, तो पॅरासाइट ड्रॅग: बंदुकांची भोके, अँटेना, पत्र्यांच्या फटी, वर आलेले रिव्हेट. आपल्याकडे यासाठी ‘बांडगूळ’ हा शब्द तयारच आहे. रेनोतले कारागीर महिनोन् महिने फटी बुजवून आणि पत्रा घासून ही बांडगुळे काढीत; सिमच्या कारागिराला तो एक आकडा बदलावा लागतो. पण तो किती बदलायचा? तिथे त्याची परीक्षा आहे. मूळ विमानाचा ज्ञात वेग, शर्यतीतला ज्ञात वेग, इंजिनाची ताकद, ही तिन्ही एकमेकांशी जुळेपर्यंत आकडा पुढे-मागे करीत बसायचे. नुसती ताकद वाढवून वेग आणला तर विमान उड्डाणातच रॉकेटसारखे सुटते आणि वळणावर खोटे वागते. जुळवणी झाली की वळणातल्या पंखांचा जडपणा हातात कळतो. हे काम करणारे बहुतेक जण ते फुकट वाटतात.

आणि आता त्याला आणखी एक मोल आले आहे. ताशी 777 किलोमीटरचा विक्रम करणारे डॅरिल ग्रीनमायरचे ‘कॉन्क्वेस्ट वन’ हे बेअरकॅट स्मिथसोनियनच्या संग्रहालयात स्थिर उभे आहे. रेड बॅरन 1979 च्या रेनोतच कोसळून तुटले. हिंटन त्यातून वाचला. रेनोच्या पायलनभोवती आता अनलिमिटेड धावत नाही. तो मार्ग, तो उतार, मागे दिसणारे डोंगर यांच्यासह ती शर्यत अनुभवायची असेल, तर घरचा सिम हीच जागा उरली आहे. अशा जागेला आभास म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

म्हणूनच सिमवर उडणाऱ्या प्रत्येकाला माझी एक विनंती आहे. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये मदतीच्या पर्यायांत इंजिनावरच्या ताणाने होणारे नुकसान आणि सांगाड्यावरच्या ताणाने होणारे नुकसान असे वेगवेगळे पर्याय आहेत. ते बंद ठेवले तर थ्रॉटल शेवटपर्यंत ढकलून कितीही फेऱ्या मारता येतात. काटा लाल पट्टीत गेला तरी काही बिघडत नाही. तसे उडून पायलन ओळखीचे होतील, वळणे पाठ होतील, पण त्याला शर्यत म्हणता येणार नाही, कारण तिथे शर्त नाही आणि शर्थही नाही. ते दोन्ही पर्याय चालू करा. इंजिन फुटेल, धावपट्टीपर्यंत पोहोचणार नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. तरीही चालू ठेवा, तापमानाच्या काट्यांवर नजर ठेवा, आणि मग ठरवा की शेवटच्या फेरीत दाब किती वाढवायचा.